रुग्ण समोर हजर आहे का?

दिल्लीशी जोडला गेलेला आमच्या भागातला पहिला दवाखाना माझा! एटापल्लीहून भामरागडकडे निघालं की येलमगुडा नावाचं बाजाराचं गाव लागतं, तिथं मी प्रॅक्टिस करतो. हे स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण दुसरं कोणी सांगत नाही. म्हणून मीच सांगतो.

सन दोन हजार तीनची गोष्ट. देशातले सगळे दवाखाने संगणकाच्या एका जाळ्यात आणायचे, असं दिल्लीत कुणाच्या तरी मनात आलं. येलमगुड्यात कोणी खोकलं की त्याच दिवशी दिल्लीत नोंद व्हायला हवी, इतकी कळकळ! त्यासाठी चंद्रपूरला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. आम्ही चौदा डॉक्टर होतो. नागपूरहून आलेल्या इंजिनिअरनं विचारलं, "यापूर्वी टायपिंग कोणी केलंय?"

तेरा डॉक्टर टेबलाखाली काहीतरी शोधू लागले. मी हात वर केला. कॉलेजात असताना मी टायपिंगच्या परीक्षेला बसलो होतो. पास झालो होतो का, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही तो विषय काढला नाही.

"माझ्या दवाखान्यातून एकही नोंद चुकीची जाणार नाही," मी उभं राहून जाहीर केलं. "बिनचूक म्हणजे बिनचूक!"

टाळ्या पडल्या. जेवणाची वेळ झाली होती, हेही एक कारण असावं.

पंधरा दिवसांत ट्रक आला. त्यात एक संगणक, आमच्याकडची वीज ओळखून दिलेल्या चार जाडजूड बॅटऱ्या आणि छपरावर बसवायची एक भलीमोठी छत्री होती. आकाशाकडे तोंड करून ठेवलेली कढईच ती! ती चढवताना अर्धं गाव खाली उभं होतं. "क्रिकेट दिसन का जी यात?" असं मला अकरा जणांनी विचारलं. "यात फक्त आजार दिसतील," असं सांगितल्यावर गर्दी ओसरली.

पण छत्रीबरोबर एक फोनही आला होता, आणि तो लागत होता!

याचं अप्रूप शहरातल्या वाचकाला कळणार नाही. आमच्या गावचा टेलिफोनचा शेवटचा खांब आदल्या पावसाळ्यात नाल्यातून वाहत गेला, तो परत आला नाही. पावसाळ्यात नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, बुडाला की आम्ही अलीकडे आणि बाकीचं जग पलीकडे. त्याच वर्षी बुधरी नावाची बाई बाळंतपणाला आली होती. ॲम्ब्युलन्स पलीकडे येऊन थांबली असती तर लोकांनी खाटेवरून बुधरीला वरच्या अंगानं पार नेलं असतं. पण पलीकडे सांगायचं कसं? दीड दिवस ती नाल्याकाठी खाटेवर होती. शेवटी तिथंच, ताडपत्रीखाली, मी आणि माझा कंपाउंडर नईमभाई यांनी तिला मोकळं केलं. दोघंही वाचली. पण ते दीड दिवस मी अजून विसरलो नाही.

तर असा तो फोन. त्याला एक अट होती. तीन महिने चाचणी. शेवटच्या दिवशी दिल्लीच्या पडद्यावर आमच्या दवाखान्याच्या नावापुढं एकही लाल खूण, म्हणजे मशीनला न पटलेली नोंद, नसेल, तर छत्री आणि फोन कायमचे आमचे. असेल, तर दोन्ही उचलून चंद्रपूरच्या डॉ. बुरडकरांकडे. डॉ. बुरडकरांकडे आधीच दोन फोन होते. तिसरा ते कशाला लावणार होते देव जाणे, कदाचित पहिल्या दोघांना सोबत म्हणून!

आता मनसारामबद्दल सांगायला हवं. मनसाराम हा नदीपलीकडच्या टेकाटोल्याचा ढिवर, म्हणजे मासेमार. वय बासष्ट, अंगात सुकटासारखं वाळलेलं काटकपण. आजारी कधीही नाही. दर बुधवारी आमच्या बाजाराला तो मासोळी घेऊन यायचा, आणि मासोळीबरोबर गावाची दुखणी घेऊन यायचा. टेकाटोल्यातून दवाखाना चालत अकरा किलोमीटर. ज्याला ताप आहे तो कसा चालणार? म्हणून सगळं गाव मंगळवारी संध्याकाळी मनसारामला आपापलं दुखणं सांगायचं. तो कमरेच्या जाळ्याच्या दोरीला एकेक गाठ मारायचा. लेकराची गाठ बारीक, बाईची दुहेरी, म्हाताऱ्याची सैल. बुधवारी तो माझ्यापुढं उभा राहून गाठी सोडत जायचा आणि आजार सांगत जायचा.

"ही लहानूच्या पोराची. तीन दिवस झाले, हगून राह्यला. पाणी पेते, पन ठरत नाई."

"डोळे खोल गेलेत का?"

"नाई जी. काल माह्याकडे पाहून हासला."

बारा वर्षांत या माणसानं एकही गाठ चुकवली नव्हती. ज्याला प्रत्यक्ष पाहणं भाग आहे त्याला, "थ्याले खाटेवर आनतो," असं स्वतःच सांगायचा. माझ्यासोबत शिकलेल्या काही डॉक्टरांपेक्षा मला त्याचं निदान भरवशाचं वाटे.

संगणक सुरू झाल्यावरचा पहिला बुधवार. दवाखान्यात बाजाराची गर्दी. मी एका गृहस्थाच्या पाठीवरचं गळू फोडत होतो, आणि पलीकडे नईमभाई 'बिस्मिल्ला' म्हणून एका बोटानं संगणक चालवत होते. तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"डॉक्टरसाब, मशीन अडून बसली!"

"काय म्हणते?"

"विचारून राह्यली, रुग्ण समोर हजर आहे का? नाही म्हनलं का औषधाचं पान उघडतच नाही. बंद!"

"मग हो म्हणा."

"हो म्हनलं तर नाव विचारते."

इकडे गळू, तिकडे मशीन! मी ओरडलो, "नईमभाई, तुमच्या समोर कोण उभा आहे?"

"मनसाराम."

"मग मनसारामचं नाव टाका! यात विचारायचं काय?"

हा निर्णय मी तीन सेकंदांत घेतला. आणि वाईट याचं वाटतं, की त्यानंतर बारा आठवडे मला त्या निर्णयाचा अभिमान होता.

चाचणी संपायला दोन दिवस राहिले होते. बुधवारचीच सकाळ. फोन वाजला. पलीकडे दिल्लीच्या कोणी डॉ. भटनागर मॅडम होत्या. आवाज असा, की फोनवरही मी उभा राहिलो.

"डॉक्टर चापले? मनसाराम नाम का मरीज़ आपका है?"

"जी, मेरा ही है!"

"कैसी तबीयत है उनकी?"

"एकदम बढिया!"

"चल-फिर सकते हैं?"

"चलना क्या मॅडम! हर बुधवार आना-जाना मिलाके बाईस किलोमीटर. ऊपर से सर पे मछली का टोकरा!"

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, आपल्या सेवेनं दिल्ली भारावली.

"आपने उन्हें क्या दवा दी है?"

"वही, जो सबको देता हूँ," मी विनयानं म्हणालो.

"और वो सातवाँ महीना?"

मला वाटलं, योजनेचं विचारतायत. "सातवाँ कहाँ मॅडम, अभी तो तीसरा पूरा हो रहा है."

"हमारे यहाँ सातवाँ दिख रहा है."

"दिल्ली में जल्दी चलता होगा," मी म्हणालो आणि हसलो. त्या हसल्या नाहीत. "आपसे फिर बात करेंगे," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग मात्र मला पहिल्यांदाच शंका आली. मी नईमभाईंना मनसारामचं पान उघडायला सांगितलं. ते उघडलं, आणि उघडतच राहिलं. संपेना!

मनसाराम, पुरुष, वय बासष्ट. बारा आठवड्यांत दोनशे बारा तक्रारी. मलेरिया अकरा वेळा. गोवर. दात येताना जुलाब. कुत्रा चावला, डावा पाय. कुत्रा चावला, उजवा पाय. कुत्रा चावला, पुन्हा डावा पाय. मोतीबिंदू. पाळी अनियमित. अंगावर दूध कमी. पाचवा महिना, लोहाच्या गोळ्या. सहावा महिना, लोहाच्या गोळ्या. सातवा महिना, पायावर सूज. आणि शेवटी, जू घासून मानेला जखम.

"ही मानेची कोणाची?" मी विचारलं.

"बैलाची," नईमभाई म्हणाले. "मलम मागितलं होतं. मशीननं विचारलं, रुग्ण समोर हजर आहे का. बैल कुठून हजर करू, साब?"

प्रत्येक ओळीपुढं लाल खूण होती. सगळं पान तिखट सांडल्यासारखं दिसत होतं. खाली मोठ्या अक्षरांत सूचना होती: 'या रुग्णास तात्काळ अतिदक्षता विभागात हलवा.'

मी नागपूरच्या इंजिनिअरला फोन लावला. "हे पान पुसायचं कसं?"

"पुसता येत नाही सर. बंद करता येतं. दोनच मार्ग. एक म्हणजे, रुग्ण बरा झाला."

"तो बराच आहे!"

"मग दोनशे बारा आजारांच्या दोनशे बारा तारखा टाका. प्रत्येकाचा तपासणी अहवाल जोडा. आणि त्या सातव्या महिन्याचं बाळंतपण दाखवावं लागेल. पण पुरुषाचं बाळंतपण टाकलं तर सगळी मशीन बंद पडते, हे आधीच सांगतो."

"आणि दुसरा मार्ग?"

"दुसरा सोपा आहे. एकच बटण."

"कोणतं?"

"मृत्यू."

मी फोन ठेवला. नईमभाईंकडे पाहिलं. नईमभाई छताकडे, म्हणजे पत्र्यापलीकडच्या छत्रीकडे पाहत होते. आम्ही दोघंही डॉ. बुरडकरांच्या टेबलावरचे तीन फोन मनात बघत होतो.

दहा वाजता मनसाराम आला. टोपली बाहेर बायकोपाशी, गोकुळापाशी ठेवली, आत येऊन बाकड्यावर बसला आणि दोरी काढली. मी त्याला चहा दिला. त्यानं चहाकडे संशयानं पाहिलं. बारा वर्षांत मी त्याला दवाखान्यात चहा दिला नव्हता.

"मनसारामभाऊ, एक काम होतं."

"सांगा ना जी."

"तुला मरावं लागेल."

त्यानं बशी खाली ठेवली. "कव्हा?"

"आजच. म्हणजे खरं नाही. फक्त मशीनमध्ये."

मी त्याला सगळं समजावलं. लाल खुणा, छत्री, फोन, पावसाळा, बुधरीची खाट. त्यानं नीट ऐकून घेतलं. त्याची सून डिंपल सात महिन्यांची होती, लोहाच्या गोळ्या तिच्याच. पावसाळ्याच्या तोंडी तिचे दिवस भरणार होते. त्यामुळं फोनचं महत्त्व त्याला माझ्याहून जास्त कळत होतं.

"मरतो," तो म्हणाला. "पन कायनं मारून राह्यले मले?"

"म्हणजे?"

"कायनं तरी मरन ना मानूस! का लिहून राह्यले तुमी?"

हा प्रश्न मशीनमध्येही होताच. नईमभाईंनी यादी वाचायला सुरुवात केली. "सर्पदंश?"

"नाई नाई. सारं गाव म्हनन, एवढा हुशार मानूस अन् पाहून पाय नाई ठेवला."

"बुडून?"

मनसाराम उठूनच उभा राहिला! "नईमभाई! ढिवराले बुडून मारता? माह्या बापाचं नाव बुडवता काय? माह्या साती पिढ्या पान्यात, एक नाई बुडला अजून!"

"बरं, बुडून नाही," मी घाईघाईनं म्हणालो. "ताप?"

"तापानं लेकरं मरतात जी."

"झाडावरून पडून?"

"मी झाडावर काऊन चढू? मी का भालू हाये?"

अर्धा तास गेला. माझ्या आयुष्यात मी अनेक मृत्यूचे दाखले लिहिले, पण मयताला इतकं चोखंदळ पाहिलं नव्हतं. शेवटी 'वार्धक्य, झोपेत, शांतपणे' यावर तडजोड झाली. त्यावरही त्याची एक अट होती. गोकुळाला यातलं काही कळता कामा नये. मग त्यानं हात जोडले, नईमभाईंनी बटण दाबलं, आणि दोनशे बारा लाल खुणा एका क्षणात नाहीशा झाल्या. पान धुतल्यासारखं पांढरं!

"झालो का?" मनसारामनं विचारलं.

"झालास."

"काईच नाई वाटलं," असं म्हणून त्यानं दोरीची पहिली गाठ सोडली आणि टेकाटोल्याचे आजार सांगायला सुरुवात केली. त्या दिवशीचे आजार आम्ही मशीनला न विचारता कागदावर लिहिले.

शुक्रवारी चाचणी संपली. पडदा स्वच्छ. मी नईमभाईंना पेढे आणायला पाठवलं. ते पेढे घेऊन परत आले तेव्हा मी फोन कानाला लावून घामाघूम उभा होतो.

भटनागर मॅडम होत्या. "डॉक्टर चापले, बुधवार को सुबह आपने कहा, मरीज़ एकदम बढिया है, बाईस किलोमीटर चलता है. उसी दिन दोपहर तक वो बुढ़ापे से मर गया?"

मी म्हणालो, "जी, अचानक बुढ़ापा आया."

"मैं ख़ुद आ रही हूँ. अगले बुधवार. मृत्यु की जाँच होगी. तब तक कोई मशीन को हाथ न लगाए."

आता छत्री तर जाणारच होती, शिवाय छत्रीबरोबर माझा डॉक्टरकीचा परवानाही जायची लक्षणं दिसू लागली. निदान मयतानं त्या दिवशी समोर फिरू नये, म्हणून टेकाटोल्याच्या लहानूकडे मी निरोप धाडला: 'मनसारामनं या बुधवारी बाजाराला येऊ नये.' उलट निरोप आला: 'दुखनी का बुधवार पाहून थांबतात? येतो. पन ओळखू नाई येत.'

बुधवारी मॅडम आल्या. पांढरी साडी, पांढरे केस, आणि सोबत एक फाईलवाले साहेब, जे प्रत्येक वाक्यानंतर खोकत. मॅडमनी नईमभाईंना अर्धा तास प्रश्न विचारले. नईमभाई प्रत्येक प्रश्नाला "जो डॉक्टरसाब बोले वही" असं उत्तर देत राहिले. इतकी निष्ठा मला परवडणारी नव्हती.

तेवढ्यात दारात मनसाराम! ओळखू येऊ नये म्हणून त्यानं डोक्याला आणि तोंडाला गमछा गुंडाळला होता. फक्त डोळे दिसत होते. ओळखू येत नव्हता हे खरं, पण दरोडेखोर दिसत होता. मॅडम दचकल्या.

"कौन है?"

"मच्छीवाला है," मी म्हणालो. "टेकाटोला का."

मॅडमचे डोळे चमकले. "टेकाटोला? फिर तो मनसाराम को जानते होगे?"

मनसारामनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"हो जी," गमछ्यातून आवाज आला. "चांगलाच ओळखतो. जनमापासून."

"कैसा आदमी था?"

इथं तो थांबायला हवा होता. पण स्वतःविषयी चांगलं बोलायची अशी संधी माणसाला रोज मिळत नाही!

"का सांगू बाई! असा मानूस नाई झाला. साऱ्या गावाचं काम करे, कोनाले नाई म्हने ना. जाळं टाकावं तं थ्यानंच. अन् दिसाले बी बरा होता."

"मरे कैसे?"

"शांतपने जी. झोपीत. बुडून नाई." आणि जरा थांबून, "बुडून तं अजिबात नाई," असं त्यानं पुन्हा सांगितलं. फाईलवाल्या साहेबांनी ते लिहून घेतलं. एवढं ठासून सांगितल्यावर साहजिकच त्यांचा संशय वाढला. "मैडम, विधवा का बयान लेना चाहिए," ते म्हणाले, खोकले, आणि आम्ही काही म्हणायच्या आत बाजाराकडे निघून गेले.

मासोळीच्या ओळीत जाऊन त्यांनी मोठ्यानं विचारलं, "मनसाराम की बेवा कौन है?"

पुढचं आम्हाला दवाखान्यातूनच ऐकू आलं. बहुधा एटापल्लीपर्यंत ऐकू गेलं असावं. "अव माय वं!" असा टाहो फोडत गोकुळा धावत आली. मागून मासोळीवाल्या बाया, त्यांच्यामागून गिऱ्हाईकं, त्यांच्यामागून मासोळीच्या आशेनं आलेली तीन कुत्री. गोकुळा दारात आली आणि थबकली. गमछ्यानं तोंड झाकून भागतं का? चाळीस वर्षं संसार केलेली बाई, नवऱ्याला पायांच्या बोटांवरून ओळखते.

"हे तं इथी उभे हायेत!"

मनसाराम हळूच म्हणाला, "गोकुळा, मले मशीनमधी मारलं. खरं नाई."

"कव्हा मारलं?"

"मागच्या बुधवारी."

"आठ दिस झाले? अन् मी सकाळ-संध्याकाळ भाकर टाकून राह्यली!" तिनं त्याच्या डोक्यावरचा गमछा ओढून काढला. "मरा ना, कोन नाई म्हनते? पन बायकोले सांगून तं मरा!"

मग ती तिथंच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. ते पाहून मला पहिल्यांदाच, केवळ परवान्यासाठी नव्हे, मनापासून लाज वाटली. मी मॅडमना सगळं सांगून टाकलं. गळू, नाव, बैल, बटण. काहीही लपवलं नाही.

मॅडम मनसारामसमोर बाकड्यावर बसल्या. "रस्सी दिखाओ."

त्यानं दोरी दिली. त्यांनी एका गाठीवर बोट ठेवलं. "ये?"

"लच्छूची म्हातारी. गुडघे."

"ये?"

"जंगूची बायको. दुसऱ्या खेपेची हाये, चक्कर येते. डोळ्याची आतली पापनी पांढरी पडली, रगत कमी हाये. मी पाह्यली."

मॅडमनी मान वर केली. "इसे आँख की पलक देखना किसने सिखाया?"

"मी," मी घाबरत म्हणालो. "फावल्या वेळात."

"अच्छा है," त्या म्हणाल्या. एवढंच. पण आवाज बदलला होता.

मग त्यांनी नईमभाईंना मशीन सुरू करायला लावली. गाठी आणि माझे कागद पुढं ठेवून एकेका माणसाचं वेगळं पान उघडायचं असं ठरलं. पहिलंच नाव टाकलं, लच्छूची आई, आणि मशीननं विचारलं: रुग्ण समोर हजर आहे का?

नईमभाईंचं बोट हवेत राहिलं. फाईलवाले साहेब खोकायचेही विसरले.

मॅडमनी मनसारामकडे पाहिलं. "जितना ये आदमी हाज़िर है, उतना तो मरीज़ ख़ुद नहीं होता. हाँ लिखिए."

"मैडम, नियम..." साहेब म्हणाले.

"चड्ढाजी, आप मछली देख आइए. ताज़ी हो तो ले लीजिए."

बाजार उठेपर्यंत त्रेचाळीस पानं झाली. त्रेचाळीस वेळा मशीननं तोच प्रश्न विचारला आणि त्रेचाळीस वेळा दिल्लीनं स्वतः 'होय' म्हटलं. बैलाला तेवढं वगळलं. जाताना मॅडम छपराकडे बघून म्हणाल्या, "ये यहीं रहेगा." गोकुळानं त्यांना एक मोठा वाघूर मासा पळसाच्या पानात बांधून दिला. परवाना, छत्री, फोन, सगळं जागच्या जागी राहिलं.

मेच्या शेवटी पहिलाच मोठा पाऊस आला आणि नेमक्या त्याच दिवशी डिंपलला कळा सुरू झाल्या. पण या वेळी निरोप येताच मी फोन केला, आणि खाट नाल्याशी पोचायच्या आधीच पलीकडे ॲम्ब्युलन्स उभी होती. मुलगा झाला. सगळं कसं सुरळीत!

राहता राहिला मनसाराम. जून महिन्यात, आयुष्यात पहिल्यांदाच, त्याला स्वतःला ताप आला. आणि मशीन त्याचं नाव घेईना. टेकाटोल्याचा बासष्ट वर्षांचा मनसाराम मेलेला आहे, असं ती ठामपणे सांगे. पुन्हा जिवंत करायचं बटण तिच्यात नव्हतं. मी मॅडमनाही विचारलं, पण ते दिल्लीतही नव्हतं. शेवटी नईमभाईंनी युक्ती केली. वयाचा रकाना कोरा सोडला की मशीन आजचाच जन्म धरते, हे त्यांना कळलं होतं. मशीननं मनसारामला आनंदानं स्वीकारलं. वजन अठ्ठेचाळीस किलो पाहून तिनं अभिनंदनही केलं.

तेव्हापासून टेकाटोल्यात एका घरी लसीकरणाच्या दोन चिठ्ठ्या येतात, एक नातवाची आणि एक आजोबांची. आजोबा नातवापेक्षा तीन आठवड्यांनी लहान. परवा पोलिओचा रविवार होता. मनसाराम नातवाला कडेवर घेऊन आला. आधी नातवाला दोन थेंब पाजले, मग स्वतः 'आ' केला आणि शाई लावायला करंगळी पुढं केली. चिठ्ठी आली म्हणजे मान द्यायला हवा, असं त्याचं म्हणणं.

संध्याकाळी मी नईमभाईंच्या नोंदी तपासल्या. 'बाळास कोणी आणले?' असा एक रकाना आहे. नातवाच्या पुढं 'आजोबांनी' असं लिहिलं होतं. आजोबांच्या पुढं लिहिलं होतं, 'बाळ स्वतः चालत आले. येताना दुसरे बाळ घेऊन आले.'

वाचलं, आणि पाठवून दिलं. फोन आलाच तर तो नईमभाईंनी घ्यायचा, असं आमचं ठरलं आहे.